मदत हवी आहे: कर्नल अपडेटनंतर झेनचे बूट पर्याय पुसले जातात, कायमचे कुठे लिहायचे?

नमस्कार मंडळी,

बडोद्यात दांडिया बाजाराजवळच्या एका मराठी वाचनालयाचा सर्व्हर मी सांभाळते. डेबियन १२ (लिनक्स), त्यावर झेन ४.१७ (एकाच मशीनवर अनेक आभासी मशीन चालवणारा हायपरवायझर), चार कोअर, ३२ जीबी रॅम. तीन गेस्ट, म्हणजे आभासी मशीन, चालतात: पुस्तकसूचीचा लिनक्स (४ जीबी), हिशेबाचा विंडोज (८ जीबी) आणि जुन्या मराठी पुस्तकांचे स्कॅन ठेवलेला तिसरा (१४ जीबी). माझा जीव या तिसऱ्यात अडकलेला आहे, कारण त्यातली कित्येक पानं आता कागदावर वाचण्याजोगी उरलेली नाहीत. २०२४ च्या ऑगस्टमध्ये विश्वामित्रीचं पाणी शहरात शिरलं, त्यानंतर मशीन वरच्या मजल्यावर नेलं. हार्डवेअरबद्दल तक्रार नाही.

त्रास वेगळाच आहे. ज्यांनी आधी हे बसवून दिलं त्यांनी डॉम-झिरोची (झेनवर सगळ्यांत आधी उठणाऱ्या आणि गेस्टचा कारभार बघणाऱ्या लिनक्सची) मेमरी बांधून ठेवली होती, पण थेट ग्रबच्या (मशीन बूट करणाऱ्या प्रोग्रॅमच्या) /बूट/ग्रब/ग्रब.सीएफजी या फाइलीत हाताने लिहून. ती फाइल अपडेट-ग्रब ही कमांड तयार करते. कर्नलचं (लिनक्सच्या गाभ्याचं) अपडेट आलं की ती नव्याने लिहिली जाते आणि डॉम०_मेम, म्हणजे डॉम-झिरोची मेमरी ठरवणारा पर्याय, गायब होतं. त्या दिवशी काही कळतही नाही, कारण मशीन चालूच असतं. पुढे कधीतरी लाइट जाते, यूपीएस दम तोडतो, मशीन पुन्हा उठतं आणि एक्सएल लिस्ट मध्ये (एक्सएल ही झेन हाताळायची कमांड) डोमेन-०, म्हणजे डॉम-झिरोच, जवळजवळ सगळी रॅम घेऊन बसलेलं दिसतं. मग एकेक गेस्ट सुरू होताना एक्सएल डॉम-झिरोकडून मेमरी सोडवून घेऊ लागतं. पहिले दोन उठतात. स्कॅनच्या वेळेला डॉम-झिरोत डिस्क तपासणी किंवा बॅकअप चालू असला तर मेमरी वेळेत सुटत नाही, आणि मेमरी मोकळी करता आली नाही असा एरर देऊन गेस्ट थांबतो. सकाळी वाचक येतात तेव्हा स्कॅन बंद.

मला समजलंय ते असं: ग्रबच्या नोंदीत मल्टीबूट२ ची ओळ झेनची आणि त्याखालची मॉड्यूल२ ची ओळ डॉम-झिरोच्या लिनक्सची. डॉम०_मेम वरच्या ओळीतच हवं. खालच्या ओळीत घातलं तर लिनक्स मुकाट्याने दुर्लक्ष करतं.

आता ज्यात अडले आहे ते. /ईटीसी/डीफॉल्ट/ग्रब आहे आणि शिवाय /ईटीसी/डीफॉल्ट/ग्रब.डी/झेन.सीएफजी पण आहे. यातल्या कुठे लिहू? ग्रब_सीएमडीलाइन_झेन आणि शेवटी डीफॉल्ट जोडलेलं त्याचं भावंड, दोघांत फरक काय? ४ जीबी डॉम-झिरोला पुरतील का? आणि सगळ्यात महत्त्वाचं, आधी करून कसं बघू? मशीन उठलं नाही तर सूचीही बंद पडते. बूट होताना झेनचे सुरुवातीचे मेसेज क्षणभर दिसतात आणि पुढे पडदा काळा, त्यामुळे काही बिघडलं तर वाचायलाही मिळणार नाही. मागे सीरियल पोर्ट मात्र आहे.

प्रतिसाद १

ताई, निदान बरोबर आहे.

ग्रब.डी मधल्या फाइली मुख्य फाइलीनंतर वाचल्या जातात, म्हणून त्यांतलं मूल्य वरचढ ठरतं. झेन.सीएफजी ही पॅकेजची फाइल आहे. तिला हात लावला तर अपग्रेडच्या वेळी "तुमची ठेवू की नवी घेऊ" हा प्रश्न येणार. त्यापेक्षा त्याच फोल्डरमध्ये झेडझेड-वाचनालय.सीएफजी अशी आपली फाइल करा. नाव झेडने सुरू होतं म्हणून ती शेवटी वाचली जाईल. तिच्यात एकच ओळ:

ग्रब_सीएमडीलाइन_झेन="डॉम०_मेम=४०९६एम,मॅक्स:४०९६एम"

मग अपडेट-ग्रब चालवा. डीफॉल्टवालं भावंड फक्त नेहमीच्या नोंदींना लागू होतं, रिकव्हरीच्या नोंदींना नाही. मेमरीची मर्यादा दोन्हीकडे हवी, म्हणून साधं ग्रब_सीएमडीलाइन_झेन.

मॅक्स विसरू नका. तो नसेल तर डॉम-झिरोचा कर्नल मोठ्या रॅमच्या हिशेबाने आपले तक्ते आखतो, आणि तेवढी मेमरी फुकट अडकते. तुमच्या गेस्टचे २६ आणि डॉम-झिरोचे ४ मिळून ३० जीबी होतात. उरलेले दोन झेनला स्वतःला लागतात, तिथे हात घालू नका.

एक्सएल.कॉन्फ मध्ये ऑटोबलून (गेस्टसाठी डॉम-झिरोची मेमरी आपोआप कमी करणारी सोय) मुळात "ऑटो" असतं: डॉम०_मेम दिलेलं असेल तर ते बंद राहतं, नसेल तर चालू होतं. पर्याय पुसला गेला की मेमरीची ओढाताण का सुरू होते ते यावरून कळेल. मी ते सरळ "ऑफ" ठेवतो. पुन्हा कधी पर्याय हरवलाच तर पहिलाच गेस्ट उठणार नाही आणि तेव्हाच लक्षात येईल, अर्ध्या रात्री नाही.

करून बघण्यासाठी फाइल बदलायची गरजच नाही. मेन्यूत नोंदीवर जाऊन ई दाबा, मल्टीबूट२ च्या ओळीच्या शेवटी पर्याय टंका, एफ१० ने बूट करा. हा बदल त्या एका बूटपुरताच. बिघडलं तर बंद करून चालू केलं की जुनं जसंच्या तसं.

धागाकर्तीचा प्रतिसाद

मनापासून आभार. लागू झालं की नाही हे /प्रॉक/सीएमडीलाइन मध्ये बघायचं का?

प्रतिसाद २

तिथे फक्त लिनक्सची ओळ दिसते, झेनची नाही. एक्सएल इन्फो चालवा, त्यात झेन_कमांडलाइन या नावापुढे पूर्ण ओळ असते.

काळ्या पडद्याचं: झेनच्या ओळीत कॉम१=११५२००,८एन१ आणि कन्सोल=कॉम१,व्हीजीए घाला (कॉम१ म्हणजे सीरियल पोर्ट), डॉम-झिरोच्या लिनक्सला कन्सोल=एचव्हीसी० (झेनचा कन्सोल) द्या. हे दुसरं ग्रब_सीएमडीलाइन_लिनक्स_झेन_रिप्लेस_डीफॉल्ट मध्ये लिहिलं तर झेनशिवायची साधी लिनक्सची नोंद अबाधित राहते. पण नावाप्रमाणे ते जुन्याची जागा घेतं, म्हणून आधीचे जे पर्याय हवे असतील ते पुन्हा लिहावे लागतील. दुसऱ्या लॅपटॉपला नल मोडेम केबलने (दोन मशीनचे सीरियल पोर्ट थेट जोडणाऱ्या) जोडा, सगळे मेसेज वाचता येतील.

नोरीबूट हाही पर्याय आहे. झेन कोसळलं तर मशीन तिथेच थांबतं आणि शेवटचे मेसेज वाचता येतात. चाचणीपुरताच वापरा. तुमच्याकडे रात्री कोणी नसतं, तिथे मशीनने आपलं आपण पुन्हा उठायलाच हवं.

धागाकर्तीचा प्रतिसाद

रविवारी वाचनालय बंद असतं, तेव्हा केलं. आधी ई दाबून तात्पुरतं, मग फाइलीत. एक्सएल इन्फो मध्ये ओळ दिसते, डोमेन-० ४०९६ वर आहे, तिन्ही गेस्ट उठले. कर्नलचं पॅकेज मुद्दाम पुन्हा बसवून ग्रब.सीएफजी नव्याने लिहू दिली, तरी पर्याय जागेवर आहेत. ऑटोबलूनही बंद केलं. सीरियल केबल मागवली आहे, त्याबद्दल काही अडलं तर इथेच विचारीन.