उत्तर: नाटकांचे व्हिडिओ कुठे ठेवायचे? क्लाउड की काकांचा पीसी

नमस्कार मंडळी,
जुन्या कार्यकारिणीकडून आलेलं नाटकांचं आणि गणेशोत्सवाचं चित्रीकरण ३ टीबी भरलंय. अ‍ॅमेझॉनच्या एस३ वर, म्हणजे त्यांच्या भाड्याच्या ऑनलाइन साठवणीत, टाकून मोकळं व्हावं म्हणते. काका बेसमेंटमधला जुना पीसी द्यायला तयार आहेत. खजिनदार, खर्चाचं बघता का?
– सचिव

ताई,
अ‍ॅमेझॉनच्या व्हर्जिनियातल्या केंद्राच्या दराने साध्या एस३ मध्ये जीबीला महिना २.३ सेंट. म्हणजे ३ टीबीचे महिना ६९ डॉलर, वर्षाचे सव्वाआठशे! सभासद वर्गणी कशी जमते ते तुम्हाला माहीतच आहे. तेच ग्लेशियर डीप अर्काइव्हमध्ये, म्हणजे क्वचित लागणाऱ्या फाइलींसाठीच्या त्यांच्याच स्वस्त साठवणीत, महिना तीन डॉलरांत राहतं, फक्त फाइल हवी असली की मागणी नोंदवून बारा तासांपर्यंत थांबायचं.

खरी मेख पुढे आहे. आत टाकताना ते फारसं काही घेत नाहीत, बाहेर काढताना घेतात. महिन्याचे पहिले १०० जीबी फुकट, पुढे जीबीला ९ सेंट. उद्या सगळं एकदम परत आणायचं ठरवलं तर नुसते उतरवून घ्यायचेच २६१ डॉलर.

काकांचा पीसी फुकट, पण वीज नाही. ६० वॉटचं यंत्र अहोरात्र चालवलं तर वर्षाला ५२५ युनिट. १८ सेंटने धरा, काकांच्या बिलात ९५ डॉलर. आणि जुनं नाटक वर्षातून कितीदा कोण मागतं? ते चालू ठेवायचंच कशाला?

माझ्या मते दोन हार्ड डिस्क दोन वेगळ्या घरी, तिसरी प्रत डीप अर्काइव्हमध्ये. गणपतीची नावनोंदणी मात्र क्लाउडवरच असू दे. झुंबड पंधरा दिवसांची, तेवढ्यासाठी वर्षभर यंत्र कोण पोसणार?
– खजिनदार

पीसी नको असेल तर टाकून देतो, बायको खूश होईल. पण क्लाउडचं बिल कुणाच्या कार्डावर? आपल्याकडे दरवर्षी कार्यकारिणी बदलते. कार्डाची मुदत संपली, सूचना जुन्या सचिवाच्या मेलवर गेल्या, की तीन डॉलरांपायी क्लाउडवरचं सगळं चित्रीकरण जायचं.
– काका

काका, बरोबर. मंडळाच्या बँक खात्याचं कार्ड लावू आणि सूचना सचिव, खजिनदार दोघांनाही जातील असं करू. एक डिस्क तुमच्याकडे देते, पण वरच्या मजल्यावर ठेवा. बेसमेंटमध्ये पाणी शिरतं असं वहिनी म्हणत होत्या.
– सचिव