मदत हवी आहे : अनेक सर्व्हरसाठी एसएसएचच्या नियमांची मांडणी

सप्रेम नमस्कार. निपाणी, खानापूर व आसपासच्या गावांतील मराठी वाचनालयांच्या ग्रंथसूचीचे सर्व्हर मी बेळगावहून सांभाळतो. या सर्व्हरपर्यंत एसएसएचने (दूरच्या संगणकाशी सुरक्षितपणे जोडणी करण्याच्या पद्धतीने) बेळगावच्या मधल्या सर्व्हरमार्गेच पोहोचता येते आणि प्रत्येक ठिकाणची किल्ली (ओळख पटवणारी फाइल) वेगळी आहे.

ओपनएसएसएच या एसएसएचच्या प्रोग्रामच्या कॉन्फिग (सेटिंगच्या) फाइलमध्ये बहुतेक सेटिंगचे जे मूल्य प्रथम सापडते तेच लागू होते, म्हणून विशिष्ट होस्ट वर आणि सर्वांसाठीचा 'होस्ट *' हा विभाग शेवटी ठेवला आहे. कोणती किल्ली वापरायची ते सांगणारे 'आयडेंटिटीफाइल' मात्र याला अपवाद आहे. त्याची मूल्ये एकत्र जमत जातात. परिणामी खानापूरची किल्ली नाकारली गेली, की 'आयडेंटिटीजओन्ली' (फक्त नमूद केलेल्या किल्ल्या वापरण्याचे सेटिंग) चालू असूनही शेवटच्या विभागातील सामायिक किल्ली तेथे पुढे केली जाते. वाचकांची नावे व पत्ते या सर्व्हरांवर असल्यामुळे एका ठिकाणची किल्ली दुसरीकडे कधीही दाखवली जाऊ नये, असा माझा आग्रह आहे.

यासाठी 'होस्ट * !खानापूर' अशी वगळणूक लिहावी, की सामायिक किल्लीच काढून प्रत्येक गावाची स्वतंत्र फाइल 'इन्क्लूड'ने जोडावी? गावे वाढणार असल्याने मला दुसरा मार्ग टिकाऊ वाटतो.

तसेच 'प्रॉक्सीजंप' (मधल्या सर्व्हरमार्गे जाण्याचे सेटिंग) सर्वांसाठीच्या विभागात लिहिल्यास मधल्या सर्व्हरसाठी वर 'प्रॉक्सीजंप नन' देणे पुरेसे ठरते का? पावसाळ्यात खानापूरची जोडणी वरचेवर तुटते. तेथे 'सर्व्हरअलाइव्हइंटरव्हल' (जोडणी चालू आहे का हे किती वेळाने तपासायचे ते सेटिंग) किती सेकंद ठेवावे, हेही अनुभवी मंडळींनी कृपया सांगावे.