शब्दचर्चा : 'हारातो पुसाको'ला 'वडिलोपार्जित मिळकत' म्हणावं का?

दुभाषी

पश्चिम सुमात्रातल्या मिनांगकाबाउ लोकांच्या गावांविषयी मराठीत लिहिताना 'हारातो पुसाको तिंगी' (प्रमाण इंडोनेशियनमध्ये 'हार्ता पुसाका तिंग्गी') हा शब्द वारंवार येतो. मराठीत त्याला सर्रास 'वडिलोपार्जित मिळकत' म्हटलं जातं. ते बरोबर आहे का? शिवाय 'गांगाम बाउंतुआक', 'पागांग गादाई', 'रांजी', 'पुनाह' आणि 'सुमांदो' यांनाही मराठी शब्द हवेत. शब्दशः अर्थ नको, वापर समजावा.

खाचर

'वडिलोपार्जित' अजिबात नको. त्या शब्दात वडील बसलेले आहेत आणि मिनांगकाबाउ व्यवस्थेत नेमके वडीलच या मिळकतीच्या बाहेर असतात. घर, भातखाचरं, माळजमीन हे सगळं आईकडून मुलीकडे जातं. बापाचं घराणं वेगळं, त्याची जमीन त्याच्या बहिणीच्या मुलांची.

आता शब्द सोडवून पाहू. 'हारातो' म्हणजे इंडोनेशियन 'हार्ता', मुळात आपला 'अर्थ'. 'पुसाको' म्हणजे पिढ्यान्‌पिढ्या जपलेला ठेवा. जावात घराण्याच्या क्रिस-कट्यारीलाही 'पुसाका' म्हणतात. 'तिंगी' म्हणजे उंच, 'रांदाह' म्हणजे खालचं. हे उंच-खाली किमतीचं नसून पिढ्यांचं आहे. कोणा एकाने कमावली असं सांगता येत नाही इतकी जुनी मिळकत ती 'तिंगी'. नवरा-बायकोने किंवा मागच्या एखाद-दोन पिढ्यांनी स्वकष्टाने केलेली ती 'रांदाह'. रस्त्यावरचं दुकान लाखमोलाचं असलं तरी रांदाह, डोंगरातलं तीन गुंठ्यांचं खाचर असलं तरी तिंगी.

हा भेद वारसाहक्कात फार महत्त्वाचा. 1952 मध्ये पश्चिम सुमात्रातल्या बुकिटिंगी शहरात उलेमा, कुळांचे प्रमुख आणि जाणती मंडळी बसली आणि ठरलं की रांदाह मिळकत इस्लामी वारसा नियमांनी वाटायची, तिंगी मात्र आदात म्हणजे रूढीप्रमाणे आईच्या वंशात राहायची. त्यामुळे दोन्हींना मराठीत एकच शब्द वापरला तर पुढचा सगळा मजकूर चुकतो.

ओवी

मग 'कुळाची जमीन' म्हणावं का? 'सुकू' (मोठं मातृकुळ) आणि 'काउम' (त्यातली एका घराण्याची शाखा) हे गट कुळासारखेच आहेत ना?

खाचर

आहेत, पण मराठीत 'कुळ' शब्दाला दोन वाटा फुटतात. 'कुळाची जमीन' म्हटलं की महाराष्ट्रातल्या वाचकाला कुळकायदा आठवतो, म्हणजे दुसऱ्याची जमीन कसणारा. अर्थ थेट उलटा होतो. 'मातृकुळाची' म्हटलं तर हा घोटाळा टळतो.

'समाईक' हाही मोह टाळा. सातबारावर समाईक म्हणजे प्रत्येकाचा हिस्सा ठरलेला असतो आणि तो मागता येतो. पुसाको तिंगीत हिस्साच नाही, म्हणून वाटपाचा दावाही नाही.

ओवी

बायकांकडून बायकांकडे जाणारी मिळकत, तर 'स्त्रीधन'?

तळटीप

तेही नको. स्त्रीधन एका बाईचं स्वतःचं असतं, ती ते हवं त्याला देऊ शकते. पुसाको बायकांच्या ताब्यात असतो, पण एकटी बाई तो विकू शकत नाही, एकटा पुरुषही नाही. कारभार पाहतो आईचा भाऊ, ज्याला 'मामाक कपालो वारिस' म्हणतात. हे तीन शब्द मराठी माणसाने थांबून पाहावेत असे आहेत. 'कपालो' (इंडोनेशियन 'कपाला') म्हणजे संस्कृत 'कपाल', तिकडे अर्थ झाला 'डोकं, प्रमुख'. 'वारिस' हा अरबी, आपला 'वारस'. 'मामाक' म्हणजे मामा. मात्र या मामाकवरून नात्याचं काही सिद्ध करू नका. मा-मा, बा-बा असे बाळबोलीतले शब्द एकमेकांशी संबंध नसलेल्या भाषांतही सारखे निघतात. मिनांगकाबाउ भाषेतला 'दुओ' म्हणजे दोन, त्याचंही तसंच: तो ऑस्ट्रोनेशियन शब्द आहे, 'द्वि'शी त्याचं नातं नाही.

माझ्या मते पहिल्या उल्लेखाला 'मातृवंशाची अविभाज्य मिळकत (पुसाको)' लिहावं आणि पुढे 'पुसाको' हाच शब्द ठेवावा. 'मिळकत' शब्द मात्र योग्य बसतो. तो अरबी 'मिल्क' घराण्यातला, आणि इंडोनेशियाच्या 1960 च्या मूळ भूमी कायद्यात पूर्ण मालकीला 'हाक मिलिक' म्हणतात. हक्क आणि मिळकत, दोघे सोबतच आहेत.

बांधकरी

'गांगाम बाउंतुआक'ला मराठीत तयार शब्द आहे: वहिवाट. 'गांगाम' म्हणजे मुठीत धरलेलं, 'बाउंतुआक' म्हणजे वाट्याला नेमून दिलेलं. व्यवहारात असं चालतं: काउमच्या पाच खाचरांपैकी दोन थोरल्या बहिणीच्या घराकडे, दोन धाकटीकडे, एक मामाकच्या देखरेखीखाली. पीक ज्याच्या मुठीत त्याचं, जमीन कोणाचीच नाही. घरातली माणसं वाढली, घटली की मामाक सगळ्यांना बसवून पुन्हा नेमणूक करतो.

बिघाड इथेच होतो. तीन-चार पिढ्या वहिवाट बदललीच नाही की ती शाखा त्याला आपली मालकी समजू लागते. आपल्याकडे बांधावरून होणाऱ्या भाऊबंदकीत जे होतं तेच, फक्त तिथे बहिणींच्या मुलांत. म्हणून भाषांतरात 'वाटा' शब्द टाळा. 'वहिवाटीला दिलेलं खाचर' असंच लिहा.

स्वतः कसता येत नसेल तर 'मांपादुओई', म्हणजे 'दोन करणे'. कसणाऱ्याला अर्धं, धरणाऱ्याला अर्धं. आपलं अर्धेल. देशभराच्या कायद्यात या वाटणीला 'बागी हासिल' म्हणतात. 'बागी' हा 'भाग' आणि 'हासिल' हा 'त्यात काय हशील?' मधला हशील. 1960 च्या दोन क्रमांकाच्या कायद्याने असा करार लेखी हवा आणि भातखाचरासाठी किमान 3 वर्षांचा, कोरडवाहूसाठी 5 वर्षांचा हवा असं ठरवलं. आडगावात तो अजून तोंडीच होतो.

दुभाषी

आणि 'पागांग गादाई'? कोशात नुसतं 'गहाण' आहे.

बांधकरी

नुसतं गहाण अपुरं आहे. मराठीत आपण नजरगहाण आणि ताबेगहाण असा फरक करतो. हे ताबेगहाण आहे. खाचर पैसे देणाऱ्याच्या ताब्यात जातं, तो ते कसतो किंवा अर्धेलीने लावतो. सोडवेपर्यंतचं सगळं पीक त्याचं, वेगळं व्याज नाही. मुदतही बहुधा नसते, दोन-तीन पिढ्यांनी सोडवलेली खाचरं असतात.

रक्कम रुपियात (इंडोनेशियाच्या चलनात) नसून सोन्यात मोजतात, आणि त्यामागे साधं कारण आहे: वीस वर्षांनी रुपियाचं मोल काय राहील ते सांगता येत नाही. एकक 'आमेह', एक आमेह म्हणजे अडीच ग्रॅम. वीस आमेहला टाकलेलं खाचर सोडवायला 50 ग्रॅम सोनं किंवा त्या दिवसाचा त्याचा भाव द्यावा लागतो. गहाण असतानाच आणखी पैसे उचलले तर त्याला गहाण 'खोल करणं' म्हणतात ('दालाम' म्हणजे खोल). मराठीत 'गहाण वाढवलं' लिहिलं तरी चालेल, पण 'खोल' ठेवलं तर चित्र उभं राहतं: जितकं खोल, तितकं वर काढणं अवघड.

इथे कायदा आणि रूढी भिडतात. 1960 च्या 56 क्रमांकाच्या नियमाचं सातवं कलम सांगतं की शेतजमिनीचं गहाण 7 वर्षं चाललं असेल तर जमीन फुकट परत करायची, कारण तेवढ्या पिकातून पैसे फिटले. त्याआधी सोडवायचं तर हिशेब असा: साडेसातातून झालेली वर्षं वजा करा, साताने भागा, मूळ रकमेने गुणा. 50 ग्रॅमला टाकलेलं खाचर 3 वर्षांनी सोडवताना 4.5 भागिले 7 गुणिले 50, म्हणजे सुमारे 32 ग्रॅम. रूढीने मात्र पुरे 50. बहुतेक ठिकाणी रूढीच चालते, कारण गहाण घेणाराही त्याच गावचा आणि पुष्कळदा त्याच सुकूतला असतो. कोर्टात गेल्यावर कलम पुढे येतं आणि शेजार तुटतो. भाषांतरात हे दोन आकडे एकत्र दिले नाहीत तर वाद कशाचा आहे हेच वाचकाला कळणार नाही.

तळटीप

गहाणाची कारणंही मोजकी ठरलेली आहेत. मूळ म्हण आधी: 'दिजुआ इंदाक दिमाकान बाली, दिगादाई इंदाक दिमाकान सांदो.' विकायला काढलं तर विक्री लागत नाही, गहाण टाकायला काढलं तर गहाण लागत नाही. म्हणजे दोन्ही बंद. पण चार वेळी गहाणाचं दार किलकिलं होतं:

'गादिह गादांग इंदाक बालाकी', उपवर मुलीचं लग्न खोळंबलंय.
'मायिक ताबुजुआ दी अतेह रुमाह', घरात मयत पडलंय.
'रुमाह गादांग कातिरिसान', मोठं घर गळतंय.
'मांबांकिक बातांग तारांदाम', बुडालेला ओंडका वर काढायचाय.

चौथ्याचं शब्दशः भाषांतर केलं तर अर्थ बुडतो. रिकाम्या पडलेल्या दातुक पदावर नवा कुळप्रमुख बसवणं असा त्याचा अर्थ आहे. त्यासाठी रेडा कापून गावजेवण घालावं लागतं, खर्च तोच. तिसऱ्यालाही संदर्भ लागतो. शिंगांसारखी टोकं वर उचललेल्या त्या छपराला पूर्वी इजुक घालत. इजुक म्हणजे साखर देणाऱ्या एका ताडाचे काळे, घोड्याच्या केसांसारखे राठ तंतू. ते दशकानुदशकं टिकतात, पण घालायला माणसं आणि माल दोन्ही खूप लागतात. आता पत्रे येतात. वळणदार छपरावर सपाट पत्रा वाकवताना सांधे आणि खिळ्यांची भोकं गळतात. म्हणून 'घर गळतंय' हे छोटं कारण वाटलं तरी ते अख्ख्या काउमच्या घराचं आहे.

आणि गहाण आधी स्वतःच्या काउममध्ये विचारायचं, मग सुकूत, मग नागारीत. परक्याकडे शेवटी.

ओवी

'नागारी' म्हणजे आपली 'नगरी' ना? मग 'शहर' का नाही?

खाचर

शब्द तोच, अर्थ गावाचा. किमान चार सुकू असलेलं, स्वतःचा कारभार असलेलं गाव म्हणजे नागारी. वस्तीच्या चढत्या पायऱ्या 'ताराताक', 'दुसुन', 'कोतो', 'नागारी' अशा आहेत, आणि त्यातला 'कोतो' हा आपला 'कोट'. 1979 च्या कायद्याने देशभर एकच 'देसा' रचना लादली. तिथे नागारी मोडून त्यांच्या वाड्यांना, म्हणजे जोरोंगांना, देसा केलं. 2000 साली प्रांताच्या नियमाने नागारी परत आली. म्हणून 1985 च्या कागदावरचा 'देसा' आणि आजची 'नागारी' यांच्या हद्दी जुळत नाहीत. जमिनीच्या कागदावर हे फार छळतं.

गावप्रमुख 'वाली नागारी'. त्याचं 'सरपंच' करू नका, नुसतं 'गावप्रमुख' पुरे. 'त्याला कोणी वाली नाही' मधल्या वालीच्या अरबी धातूतूनच हा शब्द आला आहे.

बांधकरी

'रांजी' म्हणजे वंशावळ, पण आईकडून उतरणारी. आज तिची खरी गरज नोंदणीच्या वेळी पडते. पुसाकोचं प्रमाणपत्र काढायचं तर सही-शिक्क्याची रांजी, काउममधल्या प्रौढ माणसांची संमती, चारही 'सापादान' म्हणजे लगतदारांच्या सह्या, सुकूच्या प्रमुखाची, गावच्या आदात परिषदेची आणि वाली नागारीची साक्ष लागते. घात होतो तो रांजीत. एखादी शाखा शहरात किंवा परमुलखात आहे म्हणून तिची नावं गाळली जातात आणि कागद एका माणसाच्या नावावर निघतो. तो बँकेत तारण जातो. हप्ते थकले की लिलावात काउमची जमीन विकली जाते आणि पंधरा-वीस माणसांना तेव्हा कळतं. म्हणून कागदावर मामाक कपालो वारिस आणि काउम, दोघांचाही उल्लेख असावा असा आग्रह धरतात.

तळटीप

'पुनाह'कडे लक्ष द्या. तो आपला 'पुनः' नाही, उलट आहे. पुनाह म्हणजे निर्वंश होणं. मुलगे असले तरी वंशात मुलगी उरली नाही की काउम पुनाह. मग जमीन कोणाकडे? नात्याच्या अंतराने: आधी 'साजांका', मग 'सायेतो', मग 'सादापो'. मराठीने इथे उपकार केलेत, कारण तिन्हींना आपले जसेच्या तसे शब्द आहेत: वीत, हात, वाव. 'एतो' म्हणजे 'हस्त'च. 'वीतभर अंतरावरचे वारस' असं लिहिलं तरी शेतकरी वाचकाला लगेच कळेल.

ओवी

राहिला 'सुमांदो'. घरजावई?

खाचर

नवरा बायकोच्या घरी राहतो म्हणून तो शब्द सुचतो, पण मराठीत 'घरजावई'ला कमीपणा चिकटलेला आहे. तिकडे प्रत्येक नवरा सुमांदो असतो, ती रीत आहे. त्याची जागा सांगणारी म्हणच आहे: 'आबू दी अतेह तुंग्गुआ', बुंध्यावरची राख. वारा आला की उडते. घरात त्याला मान असतो, पण खाचराच्या निर्णयात शब्द नाही. तो शब्द त्याला स्वतःच्या बहिणीच्या घरी असतो, तिथे तो मामाक. 'सुमांदो' ठेवा आणि पहिल्यांदा 'बायकोच्या घरी नांदणारा नवरा' एवढं सांगा. 'नांदणारा' पुरुषाला वापरलेला पाहून वाचक क्षणभर थबकेल, ते चांगलंच.

दुभाषी

सगळं धरून एक वाक्य करून पाहिलं: 'मोठं घर गळू लागलं म्हणून मामाकने सगळ्या बहिणींना विचारून, धाकटीच्या वहिवाटीतलं पुसाकोचं खाचर त्याच सुकूतल्या एका घराकडे वीस आमेह सोन्याला ताबेगहाण टाकलं, धाकटीच्या सुमांदोला कोणी विचारलं नाही.'

बांधकरी

शेवटचा भाग बदला. 'कोणी विचारलं नाही'मध्ये तक्रार येते. 'सुमांदोला विचारायचा प्रश्न नव्हता' लिहा.