सुरुवातीचा जपानी टेक्नोपॉप अजून ताजा का वाटतो, आणि तसा आवाज घरी कसा बांधायचा?

दादर_लूप:
मंडळी, येलो मॅजिक ऑर्केस्ट्रा या जपानी टेक्नोपॉप (सिंथेसायझरवरचं पॉप) बँडचे १९७८ आणि १९७९ सालचे पहिले दोन अल्बम सध्या सतत ऐकतोय. त्या काळातलं बरंच सिंथेसायझर संगीत आज जुनाट वाटतं, हे मात्र वाटत नाही. कारण काय असावं? त्याच वळणाचा एक तुकडा लॅपटॉपवर बांधतोय: १२० बीपीएम (मिनिटाला १२० ठोके), रोलंडच्या टीआर-८०८ या ड्रम मशीनचे सॅम्पल, सॉ-वेव्हची (करवतीच्या दात्यांसारख्या लहरीची) बासलाइन, सगळं ग्रिडवर, म्हणजे ठोक्यांच्या समान रेघांवर, घट्ट बसवलेलं. तरी निर्जीव लागतंय, आणि रिव्हर्ब (खोलीतल्या घुमण्याचा परिणाम) टाकला की गिचमिड होते. शिवाय जपानहून जुना सिंथ मागवला तर मुंबईच्या विजेवर चालेल का?

गेटटाइम:
आधी ते ८०८ काढा. टीआर-८०८ बाजारात आलं १९८० साली, त्यामुळे तुम्ही म्हणता त्या दोन अल्बमवर ते असूच शकत नाही. तिथे बँडचे ड्रमर युकिहिरो ताकाहाशी खरे ड्रम वाजवतात, कानात क्लिक (ठेक्याची टिकटिक) घेऊन. सीक्वेन्सर, म्हणजे भरलेले स्वर आपोआप वाजवणारं यंत्र, तसूभर हलत नाही आणि माणूस त्याला धरून राहायला बघतो. हाय-हॅट किंचित मागेपुढे होतो, स्नेअरचा जोर दर वेळी थोडा वेगळा पडतो. ही ओढाताणच त्या संगीताचा प्राण आहे. दोन्ही बाजू यंत्राकडे दिल्या की ती संपते. ड्रमर नसेल तर निदान हाय-हॅट तरी पॅडवर हाताने वाजवून रेकॉर्ड करा, आणि क्वांटाइझ करू नका, म्हणजे ठोके ग्रिडवर ओढू नका.

बाकीचं इंगित रोलंडच्या एमसी-८ या सीक्वेन्सरमध्ये. १९७७चं हे यंत्र, आठ सीव्ही (सिंथला स्वर सांगणारं व्होल्टेज) आउटपुटचं. त्यात बँडचे प्रोग्रॅमर हिदेकी मात्सुताके एकेक स्वर आकडे दाबून भरत. स्वराची उंची हा एक आकडा, पुढचा स्वर किती वेळाने लागणार हा दुसरा, आणि हा स्वर किती वेळ धरायचा हा तिसरा. या तिसऱ्याला गेट म्हणतात, आणि लॅपटॉपवर सगळे त्याच्याकडेच दुर्लक्ष करतात. माउसने नोटा काढल्या की सगळ्या एकाच लांबीच्या पडतात.

१२० बीपीएमला सोळावा भाग १२५ मिलिसेकंदांचा. चार नोटांच्या गटात पहिली ९०, दुसरी-तिसरी ४५, चौथी ११० करून ऐका. नोटेची सुरुवात ग्रिडवरून हलवायची नाही, फक्त शेपूट कापायचं. बासची व्हेलॉसिटी (नोटेचा जोर) सरसकट सारखी ठेवा, म्हणजे चाल फक्त लांबीतून उठते. अँप एन्व्हलपचा रिलीज, म्हणजे नोट सुटल्यावर आवाज विरायला लागणारा वेळ, ८-१० मिलिसेकंदांवर आणा. तो १०० असेल तर गेट कापून काही उपयोग नाही, आवाज मागे रेंगाळतच राहतो. तुमची गिचमिड बहुधा इथलीच आहे, रिव्हर्बने ती फक्त वाढवली. बास कोरडा ठेवा. स्नेअरला छोट्या खोलीचा रिव्हर्ब द्या, अर्ध्या सेकंदाच्या आतला, आणि त्यातलं २५० हर्ट्झच्या खालचं कापून टाका.

कोमलधैवत:
गेटबद्दल पूर्ण सहमत, पण ताजेपणा तेवढ्यानेच येतो हे मला पटत नाही. बँडमधले ते तिघे आधी पक्के संगीतकार होते. होसोनो 'हॅपी एंड'मधून आलेले, ताकाहाशी 'सॅडिस्टिक मिका बँड'मधून, आणि साकामोतो तोक्योच्या कला विद्यापीठात रचना शिकलेले, फ्रेंच संगीतकार देब्युसीवर जीव असलेले. यंत्र काढून पेटीवर वाजवलं तरी त्या चाली उभ्या राहतात.

आपल्या कानाला एक जवळची वाट आहे. जपानी गाण्यांत सर्रास येणारी योनानुकी ही पाच स्वरांची मांडणी म्हणजे सा रे ग प ध, आपल्या भूपाचेच स्वर. कोतो या जपानी तंतुवाद्यावर ऐकू येणारी दुसरी मांडणी सा, कोमल रे, म, प, कोमल ध, म्हणजे गुणकली रागाचे स्वर. रागाची चलन-बढत तिथे अर्थातच नाही, फक्त स्वर तेच.

आता चूक कुठे होते? वर भूपाचे स्वर आणि खाली साधा सा-ग-प कॉर्ड धरला की खेळण्यातल्या बाजासारखं वाजतं. चाल तीच ठेवा आणि बास 'सा' सोडून मध्यमावर न्या. आता चालीतला ग हा बासपासून सातवा होतो, प नववा होतो, आणि तीच चाल एकदम हुरहुर लावते. पुढच्या दोन मात्रा बास धैवतावर ठेवा, मग सा. बास चालीपासून निदान दोन सप्तकं खाली हवा. जवळ आणलात तर ग आणि म एकमेकांवर घासतात.

आणि मुंबईत राहून चरणजित सिंगांचं काम ऐकलं नसेल तर आजच ऐका. १९८२मध्ये याच शहरात त्यांनी रोलंडचे ८०८, टीबी-३०३ (बासचं यंत्र) आणि ज्युपिटर-८ (सिंथ) घेऊन डिस्कोच्या ठेक्यावर दहा राग वाजवले. यंत्रं त्याच जपानी घराण्यातली, पण तिथे आधाराचा सा बदलत नाही, सगळं रागाच्या अंगाने वाढत जातं. दोन्ही लागोपाठ ऐकलं की बास सरकल्याने काय घडतं ते नेमकं कळतं.

लॅमिंग्टन_सोल्डर:
विजेचं सांगतो. जपानी बाजारासाठी बनलेलं वाद्य १०० व्होल्टचं असतं. २३०च्या सॉकेटमध्ये थेट लावलं तर फ्यूज उडेल, नाहीतर ट्रान्सफॉर्मर जळेल. मागची पट्टी वाचा: १०० व्होल्ट आणि ५०/६० हर्ट्झ लिहिलेलं असेल तर फ्रीक्वेन्सीची चिंता नाही.

बाजारात सहज मिळणारा स्टेपडाउन (व्होल्टेज उतरवणारा ट्रान्सफॉर्मर) ११०चा असतो. आपल्याकडे लाइन २४५पर्यंत चढली की तो ११७ देतो. वाद्य तेवढ्यावर चालतं, पण आतला रेग्युलेटर तापतो आणि अ‍ॅनालॉग ऑसिलेटरचा (स्वर निर्माण करणाऱ्या सर्किटचा) सूर सरकत राहतो. लॅमिंग्टन रोडच्या इलेक्ट्रॉनिक्स बाजारात २३०-ते-१०० असा स्पष्ट सांगून गुंडाळून घ्या. ऑटोट्रान्सफॉर्मर (दोन्ही बाजूंना एकच वाइंडिंग) नको, वेगळ्या वाइंडिंगचा हवा. वाद्य १५ वॉटचं असेल तर ५० व्हीए (व्होल्ट-अँपिअर) क्षमतेचा पुरेसा. लॅपटॉपला जोडल्यावर घूं असा आवाज आला तर मध्ये ट्रान्सफॉर्मरवाला डीआय बॉक्स (सिग्नल जोडणारी छोटी डबी) घाला. अर्थिंगची पिन कापण्याचा उद्योग अजिबात करू नका.

चाळीस वर्षांच्या वाद्यात इलेक्ट्रोलिटिक कपॅसिटर आधी जातात. पॉवर सप्लायचे सगळे एकदम बदला, १०५ अंश तापमान सोसणारे. समुद्राजवळ घर असेल तर कीबोर्डचे कॉन्टॅक्ट आणि स्लायडर काळे पडतात, स्वर अडकतात. पावसाळ्यात कव्हरखाली सिलिका जेल ठेवा. सूर लावण्याआधी अर्धा तास वाद्य चालू राहू द्या.

दादर_लूप:
गेट कापल्यावर बासलाइन एकदम उभी राहिली, मनापासून आभार! हाय-हॅटही हाताने वाजवला. फक्त रिलीज ८ केल्यापासून खालच्या नोटांना टिकटिक येतेय. वरच्या नोटा स्वच्छ आहेत.

गेटटाइम:
५० हर्ट्झची एक लहर २० मिलिसेकंदांची असते. ८ मध्ये ती अर्ध्यातच तुटते, तीच टिकटिक. खालच्या सप्तकाला रिलीज २०-२५ ठेवा आणि त्याच नोटांचं गेट १०-१५ने कमी करा, म्हणजे एकूण लांबी जवळपास तीच राहील. सिंथमध्ये की-ट्रॅकिंग (स्वराच्या उंचीप्रमाणे सेटिंग बदलणं) एन्व्हलपला लावता येत असेल तर एकाच पॅचमध्ये होईल, नाहीतर बासचे दोन ट्रॅक करा.