घटस्फोटानंतर राहतं घर ठेवावं की विकावं? सल्ला हवा आहे

धागाकर्ती:
आमचा परस्परसंमतीने घटस्फोट होतो आहे. घर दोघांच्या नावावर, गृहकर्जही दोघांच्या नावावर, आणि ते अजून बरंच फेडायचं आहे. मुलगी चौदा वर्षांची, मुलगा नऊचा. दोघंही माझ्याकडे राहणार. नवऱ्याचं म्हणणं, "घर तू घे, बचत आणि माझी निवृत्तीसाठीची गुंतवणूक मला राहू दे." मुलांसाठी घर टिकवावं असं फार वाटतं, पण एका पगारात झेपेल का याची धास्ती आहे. यातून गेलेल्यांनी कृपया लिहा.

प्रतिसाद १:
शक्य असेल तर ठेवाच. आई-वडील वेगळे होतात तेव्हा आपली खोली आणि खालचे मित्र तेवढेच जागेवर राहतात. मुलांना त्याचा खूप आधार असतो.

प्रतिसाद २:
वरचं पटतं, तरी सुरुवात बँकेपासून करा. घराच्या कागदावरून त्यांचं नाव निघालं म्हणजे कर्जातून निघालं असं होत नाही. निकालपत्रात 'हप्ते पत्नी भरेल' असं लिहिलं तरी बँकेला ते बंधनकारक नसतं, कारण तिचा करार दोघांशी झालेला आहे. हप्ता चुकला तर दोघांचीही पत खराब होते. त्यांचं नाव काढायला बँक फक्त तुमचं उत्पन्न बघून कर्ज नव्याने मंजूर करते. ती करेल का, हे आजच विचारा आणि उत्तर लेखी घ्या.

मग हिशेब मांडा. समजा घराची किंमत १०० आहे आणि कर्ज ४० उरलंय. म्हणजे दोघांचे मिळून ६०, त्यातले त्यांचे ३०. ते ३० रोख देऊन घर घेतलं तर एकूण भार ७०, तोही एका पगारावर. विकलं आणि खर्चात ५ गेले, तर प्रत्येकाच्या हातात साडेसत्तावीस येतात. किंमत दोघांना मान्य असलेल्या स्वतंत्र मूल्यांकनकाराकडून काढून घ्या. दलालाचा तोंडी आकडा धरू नका.

त्यांच्या प्रस्तावाची मला खरंच काळजी वाटते. घराच्या बदल्यात ३० ची बचत सोडलीत तर हाताशी काहीच उरणार नाही. छत गळलं, नोकरी गेली, कोणी आजारी पडलं, तर घराचा एक कोपरा तेवढा विकता येत नाही. हप्ता, कर, विमा, देखभाल आणि दुरुस्ती भरूनही दरमहा थोडं शिल्लक राहत असेल, आणि शिवाय सहा महिन्यांचा खर्च वेगळा ठेवलेला असेल, तरच घर घ्या.

कराचंही सही करण्याआधीच विचारा. पुढे विकताना नफ्यावर कर लागू शकतो आणि तो एकट्या तुमच्यावर येईल. तो धरला तर घरातले ३० आणि बचतीतले ३० सारखे राहत नाहीत.

प्रतिसाद ३:
आम्ही विकलं आणि त्याच शाळेजवळ लहान घर भाड्याने घेतलं. शाळा आणि मैत्रिणी सुटल्या नाहीत, म्हणून मुलगी लवकर रुळली. पहिल्या वर्षी नवीन घर विकत घेण्याची घाई करू नका, एवढंच सांगेन.

धागाकर्ती:
खूप आभार, बँकेच्या बाजूने मी विचारच केला नव्हता. बँक नाही म्हणाली तर लगेच विकावं लागेल का? मुलीच्या शाळेची शेवटची वर्षं जवळ आली आहेत.

प्रतिसाद २:
लगेच नाही. मुलीची शाळा संपेपर्यंत घर दोघांच्या नावावर ठेवून नंतर विकायचं, असं ठरवता येतं. पण तोपर्यंत त्यांचं नाव कर्जात अडकून राहतं आणि त्यांना स्वतःसाठी दुसरं कर्ज मिळणं अवघड होतं, त्यामुळे त्यांची मनापासून तयारी हवी. करारात विक्रीची तारीख घाला. हप्ता कोण भरणार, मोठी दुरुस्ती कोणाच्या खर्चाने होणार, तुम्ही एकटीने फेडलेलं मुद्दल वाटणीत कसं धरायचं, तुमच्यापैकी कोणी पुन्हा लग्न केलं किंवा कोणाचं बरंवाईट झालं तर काय, हे सगळं लिहून घ्या. दोघांची मृत्युपत्रं आणि विम्यावरची नावंही त्याच वेळी बदला, हे हमखास राहून जातं. मसुदा तुमच्या स्वतःच्या वकिलाला दाखवा. दोघांचा मिळून एकच वकील असेल तर या कामापुरता तरी वेगळा बघा.