प्रतिसाद: हर्ट्सलाच ठेवा

वरच्या पोस्टमध्ये म्हटलंय की जेलन हर्ट्सचे पासिंग यार्ड (बॉल फेकून मिळवलेलं अंतर) कमी म्हणून अमेरिकन फुटबॉलमधल्या फिलाडेल्फिया ईगल्सनी दुसरा क्वार्टरबॅक (बॉल फेकून हल्ला चालवणारा खेळाडू) बघावा, हे मला अजिबात पटत नाही. 2023 आठवा, 10 विजय-1 पराभव वरून थेट 11-6 आणि मग प्लेऑफमध्ये टॅम्पाकडून 32-9 ने मार, तेव्हाही हीच बोंब होती. टीमने क्वार्टरबॅक नाही बदलला, दोन्ही कोऑर्डिनेटर (हल्ल्याचा आणि बचावाचा कोच) बदलले आणि बॉल घेऊन पळणाऱ्या सेकॉन बार्कलीला आणलं, मग पुढच्या सीझनला त्याच हर्ट्सचे इंटरसेप्शन (समोरच्या टीमने पकडलेल्या फेकी) 15 वरून 5 वर आले आणि चीफ्सना 40-22 हरवून सुपर बोल (लीगची फायनल) घरी, वर त्या मॅचचा एमव्हीपी (सर्वोत्तम खेळाडू) पण तोच!

त्याच सीझनच्या रॅम्सविरुद्धच्या प्लेऑफला मी मुलाला घेऊन स्टेडियममध्ये होतो, शेवटी शेवटी बर्फ एवढा की मैदानावरच्या यार्डांच्या रेषा दिसेनात, पोराचे हातमोजे भिजून गच्च. टीमच्या पहिल्याच ड्राइव्हला (हल्ल्याच्या पाळीला) हर्ट्स स्वतः 44 यार्ड पळाला, नंतर गुडघा दुखावला तरी परत आला, आणि तसल्या निसरड्यात पूर्ण मॅचमध्ये एकही इंटरसेप्शन नाही. बॉल जपणं यार्डांच्या आकड्यात दिसत नाही हो. बदलायचंच असेल तर आधी प्ले कोण कॉल करतंय (कुठली चाल खेळायची ते कोण ठरवतंय) ते बघा, ह्या माणसाला हात लावू नका.