मदत हवी आहे: अमर मुलगा, लाल ट्युलिप आणि वारलेली धाकटी बहीण. ही कादंबरी कोणती?

नमस्कार मंडळी,

एका इंग्रजी कादंबरीचं नाव हवंय. २०११ च्या मे महिन्याच्या सुट्टीत डोंबिवलीला वाचली होती. गल्लीतल्या लायब्ररीचं पुस्तक, वर खाकी कव्हर, नाव ठार विसरले. लायब्ररी कधीच बंद झाली. आम्हा दोघी बहिणींत एकच प्रत होती. मी दुपारी वाचायचे, धाकटी रात्री. माझी खूण बसचं तिकीट, तिची केसांची पिन.

आठवतंय ते असं: मुलगी शाळकरी, कॅलिफोर्नियात समुद्राकाठच्या गावात वकील आत्याकडे की मावशीकडे राहते. मोटार अपघातात आईवडील, धाकटी बहीण आणि कुत्रा गेलेत, ही एकटी वाचलीये. तेव्हापासून तिला लोकांच्या मनातलं ऐकू येतं, प्रत्येकाभोवती रंगाचं वलय दिसतं. तो कालवा सोसवत नाही म्हणून सदा डोक्यावर टोपी ओढून, कानात मोठ्याने गाणी लावून बसते. मग वर्गात एक देखणा मुलगा येतो आणि त्याने हात लावला की सगळं शांत होतं. तो हवेतून लाल ट्युलिप काढून देतो, सतत कसलं तरी लाल पेय पितो. शेकडो वर्षांचा निघतो. व्हॅम्पायर नाही, हे नक्की.

पण आम्हा दोघींना जीव लावला तो वारलेल्या बहिणीने. ती रोज नवी वेशभूषा करून ताईच्या खोलीत येते, चिडवते, चहाड्या सांगते. आणि तो स्वेटशर्ट! ताई तो विसरलेली असते, तिच्या हट्टापायी बाबा गाडी मागे वळवतात आणि अपघात होतो. हे वाचून माझी बहीण मध्यरात्री मला उठवून रडली होती.

आता ती कॅनडात आहे. सातवा महिना लागलाय आणि डॉक्टरांनी झोपून राहायला सांगितलंय. परवा फोनवर एकदम म्हणाली, "ताई, त्या छोटीचं पुढे काय झालं गं?" मला सांगता आलं नाही. कोणाला ओळखू येतंय का?

प्रतिसाद १

ताई, ही ऍलिसन नोएल यांची 'द इमॉर्टल्स' मालिका. तुम्ही वाचलात तो पहिला भाग, 'एव्हरमोर'. नायिका एव्हर, तो डेमन, छोटी रायली, गाव लगुना बीच आणि सबीन ही आत्या. क्रम असा: एव्हरमोर, ब्लू मून, शॅडोलँड (तिन्ही २००९), डार्क फ्लेम, नाइट स्टार (२०१०), एव्हरलास्टिंग (२०११).

माझं प्रामाणिक मत: दुसऱ्या भागाच्या शेवटी दोघांवर जे संकट येतं ते जबरदस्त आहे. एकमेकांसमोर आहेत, पण जवळ येणं त्याच्या जिवावर बेतेल. मात्र पुढे तीच अडचण फार ताणलीये, मी चौथ्यात दमले. आपल्या वाचकाला गंमत वाटेल ती चक्रांची. या अमरांचा शेवट होतो तो दुबळ्या चक्रावर घाव बसला की. पहिल्या भागातली खलनायिका मत्सराने जळते आणि तिचा घात हृदयापाशीच, म्हणजे अनाहत चक्रावर होतो. पूर्वजन्मही आहेत, डेमन एव्हरला जन्मोजन्मी शोधत आलेला असतो.

प्रतिसाद २

वरच्या उत्तरात महत्त्वाचं राहिलं. ताई, तुमच्या बहिणीला हवंय ते या सहा पुस्तकांत नाहीच. पहिल्या भागाच्या शेवटी रायली ताईचा निरोप घेऊन पलीकडे जाते. तिच्यासाठी लेखिकेने वेगळी मालिका लिहिली: रेडियन्स (२०१०), शिमर, ड्रीमलँड (२०११) आणि व्हिस्पर (२०१२). मृतांच्या जगात नेणारा पूल ओलांडल्यावर काय होतं, तिथून 'रेडियन्स' सुरू होतं. बारा वर्षांच्या रायलीला तिथे काम मिळतं, इथे अडकून पडलेल्या आत्म्यांना समजावून पुढे न्यायचं. वाटाड्या असतो बोधी नावाचा मुलगा. बटरकप कुत्राही सोबत असतो. लहान मुलांसाठी लिहिलंय, त्यामुळे हलकंफुलकं आहे. आडवं पडून वाचायला उत्तम. थेट 'रेडियन्स' द्या, मधले पाच भाग वाचायची गरज नाही.

धागाकर्ती

तुम्हा दोघांचे किती आभार मानू! बटरकप! नाव वाचलं आणि अंगावर काटा आला. बहिणीला लगेच कळवलं. तिचा पहिला प्रश्न, "कुत्रा पण आहे ना?" आहे म्हटल्यावर बराच वेळ काही बोलली नाही, मग म्हणाली, "बरं झालं."

'रेडियन्स' दोन प्रती मागवतेय, एक तिच्या पत्त्यावर. तिच्या सकाळी, म्हणजे आपल्या संध्याकाळी, फोनवर रोज एकेक प्रकरण वाचायचं ठरलंय. या वेळी दोघींच्या हातात आपापली प्रत असेल, तरी केसांची पिन लावूनच ठेवणार म्हणते.

'एव्हरमोर'ची जुनी प्रत पुण्यात किंवा ठाण्यात कोणाला द्यायची असेल तर कृपया इथेच कळवा.